डेपो एमध्ये अडकलात? मग सुरुवात दुसरीकडून करा

प्रश्न : 'द विचर ३', 'स्कायरिम' आणि 'बाल्डर्स गेट ३' भावाच्या मशीनवर संपवले. आता माझ्याकडे वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेला, ८ जीबी रॅमचा विंडोज लॅपटॉप आहे आणि रात्रीचे दीड-दोन तास. फारसे न गाजलेले पण दमदार आरपीजी (एका पात्राची भूमिका घेऊन खेळायचे गेम) हवे होते म्हणून 'अंडररेल' घेतला. बंदूक, क्रॉसबो, सायी (मनाच्या शक्ती), लपणं, कुलपं, हॅकिंग, व्यापार, सगळ्यांत थोडे थोडे पॉइंट टाकले. सुरुवात बरी गेली, पण जंकयार्डातल्या डेपो एमध्ये म्युटंट आणि त्यांची कुत्री दोन टर्नमध्ये मला संपवतात. आठवडा झाला, तिथेच आहे. माझा हात कच्चा आहे की गेमच असा आहे? आणि पुढे काय खेळू, कोणत्या क्रमाने?

उत्तर : आधी डेपो एचा निकाल लावू, कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

हाताला दोष देऊ नका. घोळ झालाय तो कॅरॅक्टर बनवतानाच. अंडररेल सुरुवातीला १२० स्किल पॉइंट देतो आणि एका स्किलमध्ये जास्तीत जास्त १५ घालू देतो. भागाकार करा: ८ स्किल काठोकाठ भरतात. पुढे दर लेव्हलला ४० पॉइंट मिळतात आणि प्रत्येक स्किलची मर्यादा ५ ने वाढते. पुन्हा ८. गेम हे कुठे स्पष्ट सांगत नाही, पण शत्रूंची ताकद याच हिशेबाने वाढत जाते. तुम्ही तेच पॉइंट डझनभर स्किलांत वाटलेत, त्यामुळे प्रत्येक लेव्हलला तुमची बंदूक अपेक्षेपेक्षा थोडी थोडी मागे पडत गेली. पहिल्या काही तासांत उंदीरकुत्र्यांसमोर हे जाणवत नाही. जाणवतं ते नेमकं डेपो एमध्ये, कारण तिथे पहिल्यांदा एकाच वेळी तीन-चार शत्रू अंगावर येतात आणि लांबून अ‍ॅसिडही थुंकतात.

मूळ गेममध्ये वाटलेले पॉइंट परत घेण्याची सोय नाही. तेव्हा सरळ नवीन कॅरॅक्टर करा. रस्ता माहीत असल्यामुळे दुसऱ्यांदा डेपो एपर्यंत निम्म्या वेळात पोहोचाल. मूळ गुण सात आणि त्यांची बेरीज ४०. लांबून गोळी घालणारं कॅरॅक्टर हवं असेल तर पर्सेप्शन (नजरेची तीक्ष्णता) थेट १० करा. सायी वापरणार नसाल तर विल (मनोबल) ३ वर उतरवा, तिथले पॉइंट डेक्स्टेरिटीला (हाताच्या चपळाईला) द्या. आठ स्किल : गन्स, थ्रोइंग, ट्रॅप्स, स्टेल्थ, लॉकपिकिंग, हॅकिंग, मेकॅनिक्स, इलेक्ट्रॉनिक्स. बाकीची शून्यावर राहू द्या. शून्य बघून हात शिवशिवतात, पण धीर धरा. स्किलचा खरा आकडा मूळ गुणानुसार वरखाली होतो, म्हणून ज्या गुणाला ३ दिलेत त्यावर चालणाऱ्या स्किलमध्ये पॉइंट घालणं म्हणजे पैसे पाण्यात.

सुरुवातीला अनुभव मोजण्याची पद्धत विचारतात तिथे 'ऑडिटी' ठेवा. त्यात मारामारीचे गुण मिळत नाहीत, ठिकठिकाणी सापडणाऱ्या चमत्कारिक वस्तू अभ्यासल्याचे मिळतात. म्हणजे प्रत्येक कुत्रं मारायची सक्ती उरत नाही. लपून पेटीपर्यंत गेलात तरी तेवढंच पदरात पडतं.

आता डेपोतली लढाई. मोकळ्या आवारात कधीच सुरू करू नका. दार असलेली खोली गाठा. दाराच्या आत दोन पावलांवर बेअर ट्रॅप लावा, त्याच्यामागे आणखी एक, आणि स्वतः खोलीच्या दूरच्या कोपऱ्यात उभे राहा. एक गोळी झाडून लक्ष वेधलं की कुत्री आधी धावत येतात, कारण त्यांचा वेग जास्त. पहिलं सापळ्यात अडकतं, दार तुंबतं, मागचे गर्दी करतात. त्या गर्दीत फ्रॅग ग्रेनेड. टर्नला ५० अ‍ॅक्शन पॉइंट असतात; ग्रेनेडनंतर उरलेल्यात अडकलेल्या कुत्र्यावर गोळी झाडा, धडधाकट म्युटंटच्या मागे लागू नका. ग्रेनेड पुन्हा फेकायला काही टर्न थांबावं लागतं, म्हणून पहिलाच नेमका पडला पाहिजे. पायाखाली अ‍ॅसिडचं डबकं पडलं तर आधी तिथून हला, मग नेम धरा. बहुतेक जण उलटं करतात आणि डबक्यात उभं राहून मरतात.

आणखी एक. दिसेल ती वस्तू पाठीवर घेऊन फिरू नका. इथला प्रत्येक दुकानदार ठरावीक प्रकारचा माल, तोही मोजक्याच नगांत घेतो. आठ गंजक्या बंदुका वाहून आणल्यात तर एखादीच खपेल. गोळ्या, औषधं, सापळे आणि ग्रेनेडचं सामान ठेवा, बाकी तिथेच सोडा.

हे सगळं गेममध्ये कुठे ना कुठे आहे, पण कोणी हात धरून दाखवत नाही. दुर्लक्षित राहिलेल्या बऱ्याच आरपीजींचं दुखणं हेच असतं : पहिल्या तीन-चार तासांत एक खड्डा असतो, त्यात बहुतेक जण पडतात आणि 'गेम भंगार आहे' म्हणत निघून जातात. खड्डा कुठे आहे ते आधी कळलं की उरलेले तीस-चाळीस तास मोठमोठ्या नावांच्या तोडीचे निघतात. म्हणून पुढे प्रत्येक गेमबरोबर त्याचा खड्डाही सांगतो. आणि अंडररेल तूर्त बाजूला ठेवा. तो या यादीत शेवटून दुसरा शोभतो.

सुरुवात करा 'शॅडोरन : ड्रॅगनफॉल'पासून. हेअरब्रेन्ड स्कीम्सचा हा गेम २०१४ साली आधी 'शॅडोरन रिटर्न्स'ची जोड म्हणून आला आणि त्याच वर्षी 'डायरेक्टर्स कट' या नावाने स्वतंत्र झाला. घ्यायचा तो हाच कट. जोड म्हणून जन्मल्यामुळेच अनेकांच्या नजरेतून सुटला. २०५४ मधलं बर्लिन, जादू आणि सायबरपंक एकत्र, आणि चौघांची टोळी घेऊन पैशासाठी केलेल्या मोहिमा. तुमच्या वेळापत्रकाला हा अगदी फिट बसतो, कारण बहुतेक मोहिमा एका-दोन बैठकींत संपतात. लॅपटॉपलाही जड जात नाही.

याचा खड्डा कर्माच्या, म्हणजे इथल्या अनुभवाच्या पॉइंटांच्या, हिशेबात आहे. स्किलची पुढची पायरी जितक्या क्रमांकाची, तितका कर्मा लागतो. ० वरून ५ पर्यंत जायला १+२+३+४+५ असे १५. वर अट अशी की पोटस्किल मुख्य स्किलच्या पुढे जात नाही आणि मुख्य स्किल मूळ गुणाच्या पुढे जात नाही. रायफल ५ हवी तर रेंज्ड कॉम्बॅट ५, आणि त्यासाठी आधी क्विकनेस ५. म्हणजे एकाच शस्त्रात निष्णात व्हायलाच बराच कर्मा जातो. दोन शस्त्रं, थोडी जादू आणि वर ड्रोन असं काही जमत नाही. एक शस्त्र किंवा एक जादूशाखा धरा आणि उरलेला कर्मा करिष्म्यात घाला. त्यातून 'एटिकेट', म्हणजे एकेका गटाशी त्याच्या ढंगात बोलायच्या हातोट्या, मिळतात, आणि संवादांतल्या कितीतरी वाटा त्यांच्यावर उघडतात. जादूगार असाल तर सायबरवेअर (शरीरात बसवायची यंत्रं) बसवू नका : त्याने 'एसेन्स' हा देहाचा नैसर्गिकपणा मोजणारा आकडा घटतो आणि मंत्रांचे कूलडाऊन, म्हणजे पुन्हा टाकता येईपर्यंतचे थांबे, लांबतात. कथेत एका टप्प्यावर माहितीसाठी ५०,००० न्यूयेन (तिथलं चलन) जमवायचे असतात. ते जमेपर्यंत प्रत्येक नवी बंदूक विकत घेण्याचा मोह आवरा. औषधांचे किट मात्र सोबत हवेतच.

त्यानंतर 'टिरनी', ऑब्सिडियन, २०१६. कायरोस नावाच्या सत्ताधीशाने जग जवळजवळ जिंकलेलं आहे आणि तुम्ही त्याच्या बाजूचे, त्याचा कायदा राबवणारे 'फेटबाइंडर'. वाईट बाजूला राहून खेळण्याचा विषय अनेक गेम तोंडी लावण्यापुरता घेतात. इथे अख्खी रचना त्यावर उभी आहे. सोबत्यांची तुमच्यावरची निष्ठा आणि भीती वेगवेगळी मोजली जाते, गटांची मर्जी आणि रोषही वेगळा, आणि भीती किंवा रोष वाढला तरी नव्या क्षमता मिळतात. सगळ्यांना खूश ठेवायची बाल्डर्स गेटमधली सवय इथे अंगाशी येते. कायरोसच्या दोन सैन्यांपैकी एक निवडा किंवा दोघांशी पंगा घ्या, पण दोन्ही दगडांवर पाय ठेवू नका.

पहिली मोहीम मुदतीची आहे : व्हेंड्रियन्स वेल आठ दिवसांत जिंकलं नाही तर त्या खोऱ्यातले सगळे मरणार, तुमच्यासकट. लोक जरा खरचटलं की तळ ठोकून झोपतात आणि दिवस संपवतात. विश्रांती घ्या, पण जखमा साचल्यावरच. मुदत तशी सैल आहे. घाबरून पळत सुटण्याचंही कारण नाही.

नवं कॅरॅक्टर बनवल्यावर 'कॉन्क्वेस्ट' नावाचा टप्पा येतो, नकाशावर तीन वर्षांच्या युद्धातले तुमचे निर्णय विचारणारा. तो वगळायचं बटण आहे, त्याला हात लावू नका. तिथली उत्तरं पुढे लोक तुमच्या तोंडावर फेकतात, आणि गेमची खरी गंमत तिथेच आहे. मंत्र स्वतः जोडून बनवायचे असतात : मूळ चिन्ह, त्याला रूप देणारं चिन्ह आणि वर खुलावटी. प्रत्येक भर घातली की 'लोअर' (जुन्या ज्ञानाच्या) स्किलची अट वाढते. हातात तलवार असली तरी लोअर थोडं वाढवा, एखादा साधा बरं करणारा मंत्र सगळ्यांनाच बसतो. स्किल वापरून वाढतात, म्हणून सुरुवातीला घेतलेलं शस्त्र मधेच बदलणं महागात पडतं. लॅपटॉपवर रिझोल्यूशन एक पायरी उतरवा. लोडिंग जरा रेंगाळतं, ते सोसावं लागेल. शेवटही अचानक येतो, अशी तक्रार रास्त आहे. पण गेम आटोपशीर आहे आणि दुसऱ्या बाजूने खेळलं की मधला बराच भाग वेगळा निघतो, त्यामुळे दोनदा खेळायचा या हिशेबानेच घ्या.

इथवर आल्यावर मारामारीचा कंटाळा आला असेल तर 'द एज ऑफ डिकेडन्स' बघा, आयर्न टॉवर स्टुडिओ, २०१५. रोमसारखं साम्राज्य कोसळून गेलंय, उरलीत घराणी, कारस्थानं आणि अर्धवट समजलेली जुनी यंत्रं. लढाया इतक्या क्रूर की पहिल्या गल्लीतला गुंड तुम्हाला आडवा करतो. पण तलवार एकदाही न उपसता गेम शेवटपर्यंत नेता येतो. पहिल्यांदा व्यापारी घ्या, पॉइंट बोलण्याच्या स्किलांत घाला आणि मुख्य म्हणजे मिळालेले पॉइंट लगेच खर्च करू नका. खिशात ठेवा. एखाद्या संवादात थोडक्यात हुकलात की मागचा सेव्ह उघडून नेमके तिथे लावा. याला कोणी लबाडी म्हणेल. या गेमपुरती ती व्यवहारबुद्धी आहे. लढणारं कॅरॅक्टर करायचंच असेल तर एक शस्त्र, आणि डॉज किंवा ब्लॉक यांतलं एकच. शिवाय थोडं बोलणंही शिकू म्हटलंत की दोन्हीकडून गेलात. अडलात तरी घाबरू नका : अपयशाने मोहीम बऱ्याचदा दुसऱ्या वाटेला लागते आणि ती वाटही लिहिलेली असते.

मग 'आर्केनम'. पूर्ण नाव लांबलचक आहे, 'ऑफ स्टीमवर्क्स अँड मॅजिक ऑब्स्क्युरा'. ट्रॉयका गेम्स, २००१. वाफेची इंजिनं आणि जादू एकाच जगात, आणि दोघांचं एकमेकांशी वाकडं. तुम्ही जितके यंत्राकडे झुकाल तितकी जादू तुमच्यावर कमी चालते. हे फक्त शत्रूच्या मंत्रांना लागू नाही. तुमचा सोबती व्हर्जिल बरं करायचा मंत्र टाकतो आणि तुमच्या यंत्रप्रेमी कॅरॅक्टरवर तो फुसका ठरतो. लोक याला बग समजतात. उपाय साधा : यंत्राच्या वाटेने जाणार असाल तर मलमं आणि बँडेज यांचा साठा ठेवा, 'हील' स्किलमध्ये थोडे पॉइंट घाला. जादूच्या वाटेने गेलात तर पहिल्याच पातळीचा 'हार्म' मंत्र इतका जोरदार आहे की अर्धा गेम त्यावर निघतो. पहिल्या खेपेला तो खुशाल घ्या.

इन्स्टॉल केल्यावर लगेच सुरू करू नका. खेळाडूंनी बनवलेला अनधिकृत पॅच आधी बसवा, त्यातच मोठ्या स्क्रीनसाठीचा पर्याय असतो, आणि मगच नवा गेम सुरू करा. जुन्या सेव्हवर पॅच चढवला तर नसते घोळ होतात. लढाई टर्न-बेस्डवर (आळीपाळीच्या चालींवर) ठेवा. रिअल-टाइममध्ये काय झालं ते कळायच्या आत मरायला होतं.

दोन जागा सांभाळा. पहिली श्राउडेड हिल्सचा पूल, जिथे लुकान आणि त्याची माणसं वाट अडवून पैसे मागतात. लढून जायचं असेल तर आधी गावातल्या सरायीत जा आणि सॉग नावाच्या अर्ध-ओगरला सोबत घ्या. एकट्या व्हर्जिलच्या जिवावर पुलावर जाऊ नका. बोलून किंवा पैसे देऊनही सुटता येतं. दुसरी ब्लॅक माउंटन क्लॅनच्या खाणी. तिथल्या धातूच्या गोलेमांवर घाव घातला की तुमचंच शस्त्र झिजतं. चांगली तलवार पिशवीत ठेवून दोन-तीन टाकाऊ शस्त्रं वापरा. खाणी कंटाळवाण्या आहेत, यात दुमत नाही, पण त्यापलीकडे गेम पुन्हा उघडतो. अ‍ॅशबरीत एक माणूस कुत्र्याला लाथा घालताना दिसेल. त्या कुत्र्याला सोडवा. गेममधल्या सर्वांत कामाच्या सोबत्यांपैकी ते एक आहे.

यानंतर अंडररेल पुन्हा काढा, वरच्या आठ स्किलांच्या कॅरॅक्टरने.

सगळ्यात शेवटी 'रेझोनन्स ऑफ फेट', ट्राय-एसचा, २०१० चा. २०१८ मध्ये तो पीसीवर सुधारून आला. लॅपटॉपवर ग्राफिक्स अगदी खालच्या पातळीवर ठेवून पाहा. जपानी आरपीजींमध्ये याच्याइतकी वेगळी लढाईची पद्धत क्वचितच सापडते, आणि ती इतकी वाईट समजावली आहे की निम्मे लोक पहिल्या अध्यायातच गळतात. गाभा एवढाच : मशिनगन भरभर इजा करते, पण ती कच्ची इजा असते, त्याने शत्रू मरत नाही. हँडगनची एक गोळी लागली की तोवर साचलेली सगळी कच्ची इजा पक्की होते. म्हणून आधी मशिनगन, मग हँडगन. तिघांपैकी एकाकडे तरी मशिनगन हवीच. तिघांनाही हँडगन देऊन तासभर गोळ्या झाडणारे पुष्कळ आहेत.

'हीरो अ‍ॅक्शन'ला, म्हणजे आखलेल्या रेघेवरून गोळ्या झाडत धावायला, एक बेझल (या चालीसाठी मिळणारा मोजका साठा) खर्च होतो. शत्रू मारला किंवा त्याच्या जिवाचा एखादा पट्टा फोडला की बेझल परत मिळतो, आणि सगळे संपले की टोळी हतबल होते, तिथून वाचणं मुश्कील. म्हणून ज्या धावेत काही मरणार किंवा फुटणार नाही ती धाव घ्यायचीच नाही. धाव अशी आखा की ती उरलेल्या दोघांच्या मधून जाईल : त्याने एक रेझोनन्स पॉइंट मिळतो, आणि साठलेल्या पॉइंटांवर तिघांचा एकत्र हल्ला होतो. मधेच कुणी साधा हल्ला केला तर साठलेले पॉइंट जातात. वाटेत पिंप किंवा भिंत आली तर धाव तिथेच तुटते, तेव्हा रेघ ओढण्याआधी जमीन नीट बघा. गावातल्या अरेनात या सगळ्याचा सराव करायला मिळतो. तो टाळून पुढे जाऊ नका.

'अल्फा प्रोटोकॉल'बद्दल थोडक्यात. ऑब्सिडियनचा २०१० मधला हेरगिरीचा आरपीजी, संगीताच्या परवान्यामुळे २०१९ मध्ये स्टीम या ऑनलाइन दुकानातून गेला आणि २०२४ मध्ये जीओजी या दुसऱ्या ऑनलाइन दुकानात परतला. संवादांना वेळेची मर्यादा असते आणि उत्तराचा सूर निवडायचा असतो. त्याचे परिणाम फार लांबवर जातात. नेमबाजी मात्र ढिसाळ आहे. पिस्तूल आणि स्टेल्थ वाढवा, 'चेन शॉट' (एकापाठोपाठ नेमक्या गोळ्या घालायची क्षमता) घ्या, कुलपं आणि हॅकिंगचे खेळ डोक्यात गेले तर ईएमपी ग्रेनेडने मार्ग काढा, आणि रोम, तैपेई, मॉस्को यांत मॉस्को शेवटी ठेवा, कारण तिथला ब्रायको हा शत्रू नुसत्या स्टेल्थवाल्यांना रडवतो. यादीत कुठेही बसवा, टिरनीनंतर बरा.

'रेडियंट हिस्टोरिया'चं नाव अशा याद्यांमध्ये हमखास वाचाल. दोन कालरेषांत ये-जा करत सोडवायची कथा आणि तीन बाय तीनच्या चौकटीत शत्रूंना एकमेकांवर ढकलून एका घावात सगळ्यांना मारायची लढाई. गेम उत्तम आहे. पण तो निन्टेन्डो डीएस आणि ३डीएसपुरताच निघाला, आणि ३डीएसचं ऑनलाइन दुकान मार्च २०२३ मध्ये बंद झालं. कोणाकडे जुनं यंत्र आणि काडतूस दोन्ही असेल तर उसनं मागा, त्यासाठी नवा खर्च करू नका.